तारेचं टोक: ऑडिओ इन्स्टॉलेशनसाठी कनेक्टर कसा निवडायचा आणि जोड कसा बांधायचा

बंद पडलेली ऑडिओ सिस्टिम बघायला गेलो की मी आधी रॅकची मागची बाजू उघडतो. मिक्सर, प्रोसेसर, अँप्लिफायर यांच्याकडे नंतर वळतो. भिंतीतून गेलेली केबल वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते, दुखणं निघतं ते तिच्या टोकाशी. कुठे शील्डचे, म्हणजे आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या जाळीचे, मोकळे केस शेजारच्या पिनला टेकलेले, कुठे स्क्रूखाली तारेऐवजी इन्सुलेशनच दाबलेलं, कुठे सोल्डरचा गोळा वरून गोजिरा पण आतून सुटलेला. केबल निवडताना लोक तासन्‌तास चर्चा करतात, मग टोकं शेवटच्या रात्री घाईघाईत बांधली जातात. ते काम शांतपणे, क्रमाने कसं करायचं ते इथे सांगतो.

आधी टोकांची यादी

नकाशावर आपण केबल मोजतो. त्याऐवजी टोकं मोजा. एका केबलला दोन टोकं, आणि दोन्हींचं आयुष्य वेगळं असतं. स्टेजवरच्या माइकच्या केबलचं एक टोक रोज कुणीतरी काढतं, घालतं, ओढतं, पायाखाली तुडवतं. तिचंच दुसरं टोक रॅकमध्ये एकदा बसलं की पुढची दहा वर्षं त्याला कुणी हात लावत नाही. दोन्हीकडे एकाच जातीचा कनेक्टर लावायचा आग्रह धरू नका.

प्रत्येक टोकापुढे तीन गोष्टी लिहा. एक, हा जोड किती वेळा उघडणार आणि कोण उघडणार: जाणकार तंत्रज्ञ की कार्यक्रमाच्या गडबडीत हाताला लागेल ती वायर खुपसणारा माणूस? दोन, यातून काय वाहणार: माइकचे मिलिव्होल्ट, स्पीकरचे अँपिअर की डेटा? तीन, जागा कशी आहे: ओल, कंपन, केबलचं लोंबतं वजन, हात पुरेल एवढी मोकळीक. माझा अनुभव असा की पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं की निम्मी निवड तिथेच होते.

वारंवार उघडणाऱ्या टोकाला कुलूपवाला, धातूच्या घराचा, केबलवर पकड असलेला कनेक्टर हवा. क्वचित उघडणाऱ्या टोकाला स्क्रूचा प्लग-इन टर्मिनल ब्लॉक उत्तम. कधीच उघडायचं नसेल तिथे क्रिंप (हत्याराने चेपलेला जोड) किंवा पंच-डाउन (तार पात्यांच्या फटीत ठोकून बसवलेला जोड).

माइक आणि लाइन: एक्सएलआर, टीआरएस, हिरवा ब्लॉक

माणसाचा हात लागतो तिथे एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांचा गोल कनेक्टर. पिन १ शील्ड, पिन २ हॉट (सिग्नलची मुख्य तार), पिन ३ कोल्ड (तिची उलटी जोडीदार), हा क्रम आज सगळीकडे पाळला जातो. पण जुनी सिस्टिम वाढवत असाल तर गृहीत धरू नका, कारण पिन ३ हॉट असलेली जुनी उपकरणं अजून चालू आहेत. सिग्नल सहसा पुरुष टोकातून बाहेर पडतो आणि स्त्री टोकात शिरतो. त्यामुळे पॅनलवर कुठलं सॉकेट इनपुटचं आणि कुठलं आउटपुटचं, हे न वाचताही कळतं. ही शिस्त मोडून जागेवर उपलब्ध असेल ते सॉकेट ठोकलं, की पुढच्या माणसाला कायमचे अडॅप्टर बाळगावे लागतात.

सव्वासहा मिमीचा, नेमकं सांगायचं तर ६.३५ मिमीचा तीन संपर्कांचा टीआरएस जॅक पॅचबेवर (जोडण्या हाताने बदलायच्या पॅनलवर) आणि मिक्सरबाहेरच्या आउटबोर्ड उपकरणांवर ठीक. कायमच्या जोडणीत मी तो टाळतो. त्याला कुलूप नसतं, आणि आत सरकताना त्याचं टोक एकापाठोपाठ एक दुसऱ्याच संपर्कांना शिवत जातं. त्या लाइनवर ४८ व्होल्टचं फँटम (माइकला त्याच केबलवरून दिलेली वीज) चालू असेल तर त्या क्षणभराच्या शॉर्टमुळे स्पीकरमधून मोठा धडाका येतो, आणि समोरच्या उपकरणाला इजाही होऊ शकते. म्हणून माइकची लाइन टीआरएस पॅचबेवरून नेऊ नका. नेली असेल तर फँटम बंद केल्याशिवाय पॅच हलवू नका.

रॅकमधल्या प्रोसेसरच्या आणि झोन अँप्लिफायरच्या मागे असतो तो हिरवा प्लग-इन ब्लॉक. त्याला कुणी युरोब्लॉक म्हणतं, कुणी फिनिक्स. ऑडिओत त्याची दोन मापं नेहमी भेटतात: ३.८१ मिमी अंतराचा लहान, बहुधा माइक-लाइनसाठी, आणि ५.०८ मिमीचा मोठा, बहुधा स्पीकरसाठी. मागवताना हे अंतर नीट तपासा. तीन खाचांचा ब्लॉक नजरेला चालेलसा वाटतो आणि सॉकेटवर दाबताना एक पिन वाकवून जातो. क्रम बहुतेक ठिकाणी प्लस, मायनस, ग्राउंड असा असतो, पण उपकरणाच्या पाठीवर छापलेलं वाचल्याशिवाय तार घालू नका.

हिरवा ब्लॉक नीट कसा बांधायचा

इथे जरा थांबतो, कारण इन्स्टॉलेशनमधले सर्वाधिक चुकलेले जोड मी याच ब्लॉकमध्ये पाहिले आहेत.

पहिली चूक: मल्टिस्ट्रँड तारेच्या टोकाला सोल्डर पाजून ते स्क्रूखाली दाबणं. दिसायला हे टोक नीटनेटकं असतं, एकही केस बाहेर नाही, म्हणून सगळ्यांना आवडतं. पण सोल्डर मऊ धातू आहे. स्क्रूच्या सततच्या दाबाखाली तो खोलीच्या तापमानालाही हळूहळू पसरतो, स्क्रू आपला घट्ट दिसतो आणि त्याखालची पकड ढिली होत जाते. एका सभागृहात मागच्या रांगेवरचे स्पीकर अधूनमधून बंद पडत होते. अँप्लिफायर बदलून झाला होता, केबल दोनदा तपासून झाली होती. मी ब्लॉक हातात धरून तार दोन बोटांनी हलकेच ओढली आणि ती सरळ निघून आली. टोकावर स्क्रूचा चपटा ठसा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सोल्डर लोण्यासारखा सरकलेला होता. शिवाय सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडकपणातून अचानक लवचिक होते, आणि हलवाहलवीत नेमकी तिथेच तुटते.

याला दोन योग्य पर्याय. नुसती तांब्याची तार नीट सोलून, जराशी पिळून स्क्रूखाली घ्यायची. किंवा टोकाला बूटलेस फेरूल, म्हणजे पॅनलवाले ज्याला पिन लग म्हणतात ती छोटी नळी, क्रिंप करायची. (दुकानात नुसतं ‘फेरूल’ म्हटलं तर तारेवर घालायच्या आकड्यांच्या कड्याही हातात पडतात, म्हणून काय हवं ते स्पष्ट सांगा.) बारीक तारांना मी फेरूलच वापरतो. तारेच्या मापाचीच घ्या: २४ गेजच्या तारेला ०.२५ चौ.मिमी, २२ गेजला ०.३४ चौ.मिमी. मोठ्या नळीत बारीक तार घालून चेपली की ती आत हलतच राहते. क्रिंपिंगचं हत्यार रॅचेटचं हवं, म्हणजे पूर्ण दाब बसेपर्यंत ते सुटतच नाही. पक्कडीने चेपलेली फेरूल ही न चेपलेलीच समजा. एका खाचेत दोन तारा घ्यायच्या असतील तर त्यासाठी जोड-फेरूल मिळते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. या ब्लॉकच्या आत एक छोटा धातूचा पिंजरा असतो. स्क्रू फिरवला की तो वर येतो आणि तारेला वरच्या पट्टीवर दाबतो. पिंजरा अर्धवट उघडा असताना तार घातली तर ती पिंजऱ्यात न जाता त्याच्या खाली शिरते. मग स्क्रू आवळला की पिंजरा रिकामाच वर जातो. तार प्लॅस्टिकच्या फटीत अडकल्यामुळे जागेवर दिसते, कधी कधी आवाजही येतो. त्यामुळे क्रम असा ठेवा:

१. स्क्रू उलटा पूर्ण सोडा. खाच समोर धरून आत बघा, पूर्ण चौकोन मोकळा दिसला पाहिजे.
२. ब्लॉकवर दिलेल्या लांबीइतकंच इन्सुलेशन सोला. लहान ब्लॉकना साधारण ६ ते ७ मिमी पुरते. सोलताना एकही केस कापला जाता कामा नये.
३. तार तळापर्यंत घाला. उघडं तांबं खाचेबाहेर दिसू नये आणि इन्सुलेशन पिंजऱ्यात जाऊ नये.
४. मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने आवळा. रुंद पात्याने प्लॅस्टिक चिरतं, अरुंद पात्याने स्क्रूचं डोकं खराब होतं.
५. प्रत्येक तार एकेक करून ओढून बघा. तिन्ही एकत्र ओढू नका, दोन घट्ट तारा तिसऱ्या सुट्या तारेला लपवतात.

ब्लॉक उपकरणात बसवून स्क्रू आवळू नका. तो ताण थेट सर्किट बोर्डाच्या सोल्डरवर जातो. ब्लॉक बाहेर काढा, बांधा, मग बसवा. आणि केबलला रॅकच्या पट्टीवर टाय मारा, तिचं वजन ब्लॉकवर लोंबू देऊ नका.

एक्सएलआर सोल्डर करताना

स्क्रूखाली जो सोल्डर घातक ठरतो, तोच इथे हवा. एक्सएलआरच्या पिनमागे छोटी वाटी असते, तिच्यासाठी तारेचं टोक आधी सोल्डर पाजून तयार करावं लागतं.

सगळ्यात आधी केबलवर मागचं बूट आणि घर ओवा. तिन्ही तारा सुबक जोडून झाल्यावर ते टेबलावरच पडलेलं दिसतं तेव्हा सगळं पुन्हा सोडावं लागतं. बाहेरचं आवरण सुमारे दोन सेंटिमीटर सोला. फॉइल असेल तर आवरणाच्या कडेपाशी कापा आणि ड्रेन वायरवर (फॉइलला लागून जाणाऱ्या उघड्या तारेवर) बारीक नळी चढवा, उघडी सोडू नका. आतल्या तारा चार-पाच मिमी सोलून त्यांना सोल्डर पाजा. वाटीत अर्ध्यापर्यंत सोल्डर भरा. आता वाटी तापवा, सोल्डर वितळला की तार आत घाला, सोल्डरिंग आयर्न बाजूला घ्या आणि थिजेपर्यंत हात स्थिर ठेवा. सगळं दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं. जास्त वेळ लागला तर पिन धरणारं प्लॅस्टिक मऊ होऊन पिन तिरकी होते. त्यावर उपाय सोपा: काम करताना विरुद्ध जातीचा एक्सएलआर त्यात अडकवून ठेवा, पिना सरळ राहतात.

६३/३७ चा शिसेयुक्त सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळतो आणि एकदम थिजतो, म्हणून हातकामाला सुखाचा. त्याचा चांगला जोड चकचकीत आणि वाटीच्या कडेला अंतर्वक्र चिकटलेला दिसतो. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतो आणि चांगला जोडही थोडा मंद दिसतो, तेव्हा नुसत्या चमकेवरून तो नापास करू नका. फ्लक्स रोझिनचाच. आम्लाचा फ्लक्स पत्र्याच्या कामाचा आहे, ऑडिओच्या जोडात तो तांबं खात बसतो.

स्त्री आणि पुरुष टोकांची मांडणी एकमेकांची आरशातली प्रतिमा असते. आठवणीवर विसंबू नका, पिनशेजारी कोरलेला आकडा दर वेळी वाचा.

शील्डचं काय करायचं

पिन १ दोन्ही टोकांना जोडा, ही सुरुवात. माइकच्या लाइनवर तर ती तोडायचीच नाही, कारण फँटमचा प्रवाह पिन २ आणि ३ वरून जातो आणि परततो पिन १ वरून. शील्ड तुटली की कंडेन्सर माइक बंद. घरघर आली म्हणून कुणी सरसकट शील्ड कापायला लागलं की मी हात धरतो. कित्येकदा दोष उपकरणात असतो: शील्ड चासीला (उपकरणाच्या धातूच्या पेटीला) जोडण्याऐवजी आतल्या सर्किटच्या ग्राउंडला नेलेली असते आणि शील्डवरचा गोंगाट थेट आवाजात मिसळतो. याला ‘पिन १ प्रॉब्लेम’ म्हणतात. नील मन्सी यांनी १९९० च्या दशकात तो नीट मांडला, आणि पुढे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या एईएस ४८ या मानकात शील्ड चासीलाच जोडण्याची पद्धत लिहिली गेली. अशा जुन्या उपकरणाच्या लाइन इनपुटशी फक्त त्याच एका ठिकाणी शील्ड सोडायची आणि तसं लेबल लावायचं. लांबच्या लाइनवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हा जास्त खात्रीचा उपाय आहे.

केबलवरच्या एक्सएलआरमध्ये घराला जोडणारी चौथी पट्टी असते, ती मी मोकळी ठेवतो. ते धातूचं घर कुठे पाइपला, कुठे स्टेजच्या लोखंडाला टेकणार, आणि प्रत्येक ठिकाणी ग्राउंडला नवी वाट मिळणार.

अनबॅलन्स्ड (सिग्नलची एकच तार आणि शील्ड असलेलं) उपकरण बॅलन्स्ड (हॉट, कोल्ड आणि शील्ड असलेल्या) इनपुटला जोडायचं असेल तरी दोन गाभ्यांची शील्डेड केबलच घ्या. हॉट पिन २ ला, उपकरणाच्या बाहेरच्या कड्यावरून येणारी परतीची तार पिन ३ ला, आणि शील्ड त्या कड्यालाच उपकरणाच्या टोकाशी जोडून इकडे पिन १ ला. उलट दिशेने, म्हणजे बॅलन्स्ड आउटपुटवरून अनबॅलन्स्ड इनपुटकडे जाताना, पिन ३ चं काय करायचं हे त्या आउटपुटच्या रचनेवर ठरतं. काहींना ती ग्राउंड केलेली चालते, काहींना मोकळीच हवी. मॅन्युअल उघडा.

स्पीकरची टोकं

८ ओहमच्या स्पीकरला १०० वॉट देताना सुमारे २८ व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर वाहतात. माइकच्या तुलनेत हे वेगळंच जग आहे, म्हणून स्पीकरसाठी एक्सएलआर किंवा ६.३५ मिमीचा जॅक वापरू नका. एक्सएलआरवर स्पीकर ठेवला की कुणीतरी एक दिवस अँप्लिफायरचं आउटपुट मिक्सरच्या माइक इनपुटात घालतं. जॅक तर आत जाताना आउटपुट शॉर्ट करू शकतो.

न्यूट्रिकने १९८० च्या दशकात आणलेला स्पीकॉन या दोन्ही अडचणी सोडवतो. संपर्काला बोट लागत नाही, आणि फिरवून कुलूप बसतं. दोन ध्रुवांचा एनएल-२ आणि चार ध्रुवांचा एनएल-४ यांत एक बारकावा आहे: एनएल-२ चा केबल प्लग एनएल-४ च्या सॉकेटात बसतो आणि फक्त १+ व १− जोडतो, पण एनएल-४ चा प्लग एनएल-२ च्या सॉकेटात बसत नाही. म्हणून भिंतीवरच्या सॉकेटांसाठी मी एनएल-४ घेतो. बाय-अँपच्या, म्हणजे लो आणि हायला वेगवेगळा अँप्लिफायर असलेल्या, स्पीकरमध्ये कुठला ध्रुव लोला आणि कुठला हायला, ते स्पीकरच्या पाठीवर वाचा. उलटं जोडलं तर हाय ड्रायव्हरला पूर्ण बेस जाईल आणि तो जळेल.

स्पीकॉनच्या आतही स्क्रूच असतात, तेव्हा सोल्डर नाही, नुसती तार किंवा फेरूल. पट्टीच्या टर्मिनलवर रिंग किंवा फोर्क लग वापरायचे असतील तर त्यांचे रंग लक्षात ठेवा: लाल ०.५ ते १.५ चौ.मिमी, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६. कंपन असेल तिथे रिंग, कारण स्क्रू सैल झाला तरी ती निघत नाही.

तारेची जाडी टोकाचं माप ठरवते, म्हणून एक हिशोब करून ठेवा. २.५ चौ.मिमी तांब्याची तार ५० मीटर गेली तर जाऊन-येऊन विरोध साधारण ०.७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरवर यात सुमारे पाऊण डीबी (डेसिबल) जातो, ४ ओहमवर जवळजवळ दीड डीबी. जाड तार घेतली तर ती ब्लॉकमध्ये मावते का हे आधी बघा. मावावी म्हणून तारेचे केस कापून बारीक करणं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. तिथे तार जाड ठेवण्याचा सगळा उद्देशच संपतो आणि जोड तापतो. लांब पल्ल्याच्या झोनसाठी १०० व्होल्ट लाइन (ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज चढवून कमी प्रवाहात आवाज नेणारी) बरी: तेच १०० वॉट तिथे १ अँपिअरवर जातात. मात्र १०० व्होल्टचा झटका खरा असतो. उघडी टर्मिनलं नकोत, प्रत्येक जोड झाकणाच्या डब्यात हवा. आपत्कालीन घोषणांच्या सिस्टिममध्ये सिरॅमिकचे ब्लॉक आणि थर्मल फ्यूज असलेले स्पीकर घ्या, म्हणजे आगीत एक स्पीकर जळाला तरी तो सगळी लाइन शॉर्ट करत नाही.

डेटा, अँटेना, वीज

नेटवर्क ऑडिओची भिंतीतली केबल अखंड तांब्याच्या तारेची असते. तिच्यावर थेट आरजे-४५ प्लग चेपण्यापेक्षा ती पंच-डाउन जॅकवर संपवा आणि पुढे तयार पॅच कॉर्ड वापरा. प्लग लावायचाच असेल तर अखंड तारेसाठीचा आणि मल्टिस्ट्रँडसाठीचा प्लग वेगळा असतो, हे मागवताना सांगा. जोडीचा पीळ टोकाशी १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल नकोच, विशेषतः केबलवरूनच वीज देणार असाल तर.

बीएनसी (कोअॅक्सियल केबलचा फिरवून बसणारा कनेक्टर) दोन प्रकारचे: वर्ड क्लॉकला (डिजिटल उपकरणांना एका तालात ठेवणाऱ्या सिग्नलला) ७५ ओहम, वायरलेस माइकच्या अँटेनाला ५० ओहम. दिसायला सारखे असल्याने ते वेगळ्या डब्यांत ठेवा.

वीजेसाठीचा कुलूपवाला कनेक्टर म्हणजे पॉवरकॉन. जुना पॉवरकॉन लोड चालू असताना काढण्या-घालण्यासाठी बनवलेला नाही. त्याची निळी बाजू वीज आत घेते, राखाडी बाहेर देते. चालू लोडवर उघडावं लागणार असेल तर ट्रू-वन जातीचा घ्या. दोन्ही जाती एकमेकांत बसत नाहीत, म्हणून एका सिस्टिममध्ये एकच ठेवा.

मुलाम्याबद्दल थोडं

सोन्याचा मुलामा माइकसारख्या क्षीण सिग्नलला आणि क्वचित हलणाऱ्या जोडाला उपयोगी, कारण त्यावर गंज चढत नाही. जास्त प्रवाहाला चांदी चालते. ती काळवंडली तरी घालता-काढताना घासून साफ होते. सोन्याच्या पिनवर कथलाचं सॉकेट मात्र टाळा. सूक्ष्म हालचालीने कथील झिजतं, त्याची ऑक्साइडची भुकटी संपर्कात साठते आणि खरखर सुरू होते.

तपासणी

उपकरणं जोडण्याआधी प्रत्येक केबल मोकळी तपासा. पिन १ ते १, २ ते २, ३ ते ३ बीप यायलाच हवी, आणि आपसात कुठेही यायला नको. दुसरी तपासणी बरेच जण गाळतात, आणि शील्डचा एक केस पिन ३ ला टेकलेला असतो तो तिथेच सापडतो. बीप चालू असताना दोन्ही टोकांशी केबल हलवून बघा. आवाज तुटला तर जोड पुन्हा बांधा, टेपने गुंडाळू नका.

साध्या बीप टेस्टरला नेटवर्क केबलमधली फुटलेली जोडी दिसत नाही. तारा क्रमाने बरोबर लागतात पण पीळ भलत्याच दोघींचा असतो. म्हणून रंगांचा प्रमाणित क्रमच दोन्ही टोकांना पाळा. १०० व्होल्ट लाइनवर साध्या ओहममीटरचा आकडा ट्रान्सफॉर्मरमुळे फसवतो, तिथे इंपीडन्स मीटर (एसीला होणारा विरोध मोजणारा) लावा आणि आलेला आकडा जोडलेल्या वॉटेजच्या हिशोबाशी ताडून बघा. १०० वॉटच्या लाइनला १०० ओहम यायला हवेत. त्याहून बरेच कमी आले तर कुठेतरी टॅप (स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरवर निवडलेलं वॉटेज) चुकला आहे किंवा जोड शॉर्ट आहे. अँप्लिफायर तोवर जोडू नका.

शेवटी दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहा, टोकापासून तळहातभर अंतरावर, म्हणजे टोक कापून नव्याने बांधलं तरी क्रमांक राहील. प्रत्येक टोकाशी पुन्हा दोन-तीनदा बांधता येईल एवढी तार रॅकमध्ये गुंडाळून ठेवा. उघड्या ब्लॉकचा फोटो काढून रॅकच्या दाराच्या आत लावा. आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन स्पीकरच्या बाजूचे स्क्रू हाताने तपासा. त्या भेटीत जो स्क्रू पाव वळसा फिरतो, त्याची तार बाहेर काढून तिचं टोक बघा.